एक जानेवारी

आमच्या गावातले अर्ध्याहून जास्त म्हातारे
एक जानेवारीला जन्मले.
आधारच्या कॅम्पात पोराने विचारलं, तारीख?
बाया म्हणाल्या, पऱ्हाटी फुटली होती तवा.
त्याने एक-एक टाकून दिलं.
खरंच एवढ्या जणी एका दिवशी बाळंत झाल्या असत्या
तर गावातली एकुलती सुईण
सकाळीच पळाली असती दारव्ह्याच्या एसटीने.

मी इथली पोस्टमास्तर. खोली दहा बाय आठ,
एक मशीन, एक शिक्का, आणि सुतळीचा एक गोळा
जो कशासाठी दिला ते अकरा वर्षांत कळलं नाही.
पगार आला अशी आवई उठते
आणि पायरीवर चपला जमतात.
निराधारच्या पैशाला इथे पगारच म्हणतात.

भाचा भूपेश इथेच अभ्यास करतो, कारण रेंज इथेच.
मोठ्याने वाचतो, झोप येऊ नये म्हणून:
ब्रिटनमध्ये म्हातारपणाचं पेन्शन,
पहिल्यांदा वाटलं एकोणीसशे नऊ साली,
एक जानेवारीला, पोस्टातून,
सत्तरीनंतर, आठवड्याला पाच शिलिंग.

माझा शिक्का हवेतच राहिला.
खांबाला टेकलेली यसूबाई कुमरे म्हणाली,
"एक जानेवारी? मंग ते बी आपल्यातलेच म्हना."

त्याआधी काय होतं, मी विचारलं.
त्याआधी गरिबांचं घर होतं. नवरा एका दारातून,
बायको दुसऱ्या. भाकर तोलून.
आणि नियम असा, की आतलं जगणं
बाहेरच्या सगळ्यात वाईट जगण्याहून वाईट पाहिजे,
म्हणजे कोणी हौसेने येणार नाही.
हातात घण देत. गिट्टी फोडा.

"गिट्टी आमच्या आजीनं फोडली," यसूबाई म्हणाली.
"छपन्नच्या दुष्काळात. याच सडकेची.
टोपलं भरलं नाही त चिठ्ठी नाही,
चिठ्ठी नाही त ज्वारी नाही."
भूपेशने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.
त्यात वऱ्हाड नव्हतं.
घण जहाजात बसून आला होता इथवर.
पाच शिलिंग तिकडेच उतरले.

तिकडेही वयाचा कागद नव्हता सगळ्यांकडे.
आयर्लंडात साहेब विचारत,
मोठ्या वादळाची रात्र आठवते का?
सत्तर वर्षांपूर्वीची.
आणि सगळ्या देशाला ती रात्र आठवू लागली,
जे तेव्हा जन्मले नव्हते त्यांना जरा जास्तच.
यसूबाई हसली, उरल्या दोन दातांनी.
"मले इचार ना बाई असं काई."

मशीन असं काही विचारत नाही.
अंगठा. लाल.
पदराला पुसून अंगठा. लाल.
राखेने भांडी घासून घासून
तिच्या बोटावर कुणाचंच नाव उरलेलं नाही.
मागच्या साली तहसीलच्या यादीत तिच्यापुढे
अपात्र आलं होतं, मुलगा कमावता म्हणून.
मुलगा सुरतेत आहे. असावा.
त्या शिलिंगवाल्यांतही गाळले होतेच काही,
दारुडे, कामचुकार, नुकतेच तुरुंगातून सुटलेले.
चांगला गरीब कोणता
हे ठरवायला टेबल लागतं, आणि मी टेबलाच्या या बाजूला.

"अडान नदीले पूर आलता," ती आपणच सांगू लागली,
"आमचा बैल बाभयीवर अटकला. जित्ता.
तीन दिवस वरतूनच हंबरे.
मी मायच्या कडेवर होती, पन मले दिसते."
रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
मी लिहून ठेवलं: कुमरे यसूबाई,
बैल झाडावर होता त्या वर्षी कडेवर.
कोणत्याच रकान्यात ते बसत नाही.

पाचव्यांदा मशीन हिरवं झालं.
का झालं, देव जाणे.

तिने नोटा मोजल्या, मला मोजायला लावल्या,
उठता उठता भूपेशला विचारलं,
"त्या बायायनं पयल्या पैशाचं काय घेतलं रे?"
त्याने खरंच शोधलं, बोट फिरवत.
पुस्तकात नाही, म्हणाला.

"चायपत्ती घेतली असन," ती म्हणाली
आणि चप्पल शोधू लागली.